भंडाऱ्याचे दोन निकाल

१९५४ साली तीनएक महिन्यांत भंडाऱ्याचे दोन निकाल लागले. पहिला लागला ९ फेब्रुवारीला, दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात. दुसरा मे महिन्यात, मतपेट्या उघडल्यावर. दुसरा निकाल महाराष्ट्राला पाठ आहे : डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पडले. पहिला मात्र वकिलांच्या कपाटातल्या जाडजूड ग्रंथांत राहिला आणि गावाच्या आठवणीतून निसटला. खरे तर पहिला लागला नसता, तर दुसऱ्याची वेळच आली नसती.

पोटनिवडणूक म्हटली की कोणी वारले असेल किंवा कोणी राजीनामा दिला असेल, असे आपण धरून चालतो. इथे तसे काहीच झाले नव्हते. भंडाऱ्याची १९५२ची अख्खी निवडणूक न्यायालयाने रद्द ठरवली होती. आणि तीही दोन गोष्टींवरून : बिडीचा एक सौदा आणि एका माणसाची जात.

१९५२चा भंडारा म्हणजे आजचा भंडारा नव्हे. गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तो १९९९ साली. तेव्हा पवनी, तुमसर, साकोलीपासून गोंदिया, तिरोड्यापर्यंतचा सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. राज्य मध्यप्रदेश, राजधानी नागपूर. वैनगंगेच्या अंगाने धानाच्या बांध्या, जागोजाग मालगुजारांच्या काळातले तलाव आणि त्यापलीकडे तेंदू-मोहाचे जंगल. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या मुलखातून लोकसभेवर दोन खासदार जायचे होते. मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव.

मतदानाची तऱ्हा आजच्यापेक्षा अगदी निराळी होती. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत अजून यायची होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने आडोशाला जाऊन आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाच्या हातात दोन कागद पडत. मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. दिले, तर त्यातले एक मत बाद. पुढे या गोष्टीत हे दुसरे मत फार महत्त्वाचे ठरते, म्हणून ते लक्षात ठेवायला हवे.

काँग्रेसची बैलजोडी भंडाऱ्यात जोरात चालली. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले. फेब्रुवारी १९५२मध्ये निकाल जाहीर झाला आणि दोघे दिल्लीला गेले.

इकडे भंडाऱ्यात निवडणुकीविरुद्ध अर्ज दाखल झाला. अर्जदारांत पहिले नाव मोरेश्वर पराशराम यांचे. आज निवडणुकीचा अर्ज उच्च न्यायालयात जातो. तेव्हा त्यासाठी स्वतंत्र निवडणूक न्यायाधिकरणे नेमली जात. न्यायाधिकरणाने भंडाऱ्याची निवडणूक रद्द ठरवली. त्यावर नेहमीचे अपील नव्हते. राज्यघटनेच्या कलम १३६ खाली खास परवानगी घेऊन थेट सर्वोच्च न्यायालय गाठायचे, एवढीच वाट होती. जसानींनी ती धरली. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला ‘चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर पराशराम’ या नावाने ओळखला जातो.

यातला पहिला मुद्दा बिडीचा होता आणि तो समजायला भंडारा-गोंदियाचे अर्थकारण ठाऊक हवे. धानाचा हंगाम सरला की या भागातल्या हजारो हातांना काम देणारा धंदा बिडीचाच. उन्हाळ्याच्या तोंडाशी जंगलात तेंदूपत्त्याची तोडाई चालते. पाने वाळतात, पोत्यांत भरून कारखान्यांत येतात आणि तिथून सट्टेदारांमार्फत, म्हणजे मध्यस्थांमार्फत, घराघरांत पोचतात. पान भिजवायचे, मापाने कातरायचे, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, सुताने बांधायचे आणि तोंड दुमडायचे. मजुरी हजारावर. तपासणीत छाट निघाली की तेवढ्या बिड्यांची मेहनत गेली. या धंद्याचे सरकारशी नाते तसे जुने आणि ताणाचे. शेतीच्या दिवसांत बिडीकामाला बंदी घालणारा १९४८चा मध्यप्रांताचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९५०मध्येच अवाजवी म्हणून मोडीत काढला होता. तो खटला सागरकडचा होता, पण त्याची हवा भंडाऱ्यापर्यंत पोचली असणारच.

मुलजी सिक्का आणि कंपनी ही बिडीतली नावाजलेली पेढी आणि जसानी तिचे भागीदार. फौजेतल्या जवानांसाठी सरकार जी कॅन्टीने चालवत असे, त्यांना ही पेढी बिड्या पुरवत होती. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ७ मात्र स्पष्ट होते : ज्याचा सरकारला माल पुरवण्याच्या कंत्राटात हिस्सा किंवा हितसंबंध आहे, त्याला संसदेवर निवडून येता येणार नाही. हेतू सरळ होता. ज्याचे बिल सरकारी तिजोरीत अडकले आहे, त्याने त्याच तिजोरीवर पहारा करायला बसू नये. जसानींवर भ्रष्टाचाराचा आरोप नव्हता, बिडी खराब निघाल्याची तक्रारही नव्हती. प्रश्न एवढाच होता की उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंत हे कंत्राट जिवंत होते की नाही.

जसानींच्या वकिलांनी दोन चांगले मुद्दे काढले. पहिला असा की हे कंत्राटच नव्हे. राज्यघटनेच्या कलम २९९ प्रमाणे केंद्र सरकारचे कंत्राट राष्ट्रपतींच्या नावाने व्हायला हवे आणि रीतसर अधिकार असलेल्याने त्यावर सही करायला हवी. इथे तर कॅन्टीनच्या अधिकाऱ्यांशी झालेला व्यवहार होता. म्हणजे घटनेच्या दृष्टीने कागद कोरा. दुसरा मुद्दा : समजा कंत्राट होते, तरी माल देऊन झाला. आता फक्त पैसे यायचे बाकी. पुरवठा संपला तिथे पुरवठ्याचे कंत्राटही संपले.

हे ऐकायला बसलेल्या न्यायमूर्तींपैकी ज्यांनी निकाल लिहिला, ते होते न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. भंडाऱ्याच्या दृष्टीने हे घरचेच माणूस.

व्हिव्हियन बोस यांचे आजोबा सर बिपिन कृष्ण बोस हे नागपूरचे नामांकित वकील आणि १९२३मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. नातवाचा जन्म १८९१चा, अहमदाबादचा. शिक्षण केंब्रिजला, बॅरिस्टरी मिडल टेंपलची, वकिली नागपूरची. काही वर्षे ते नागपूरच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. १९३६मध्ये नागपूरला उच्च न्यायालय आले तेव्हा ते तिथे न्यायमूर्ती झाले, १९४९मध्ये मुख्य न्यायमूर्ती आणि १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या पत्नी आयरीन मॉट या अमेरिकन. १९४६चे नोबेल शांतता पारितोषिक मिळवणारे जॉन मॉट हे त्यांचे वडील. बिडी काय आणि खटल्यात पुढे येणारे महानुभाव पंथाचे लोक कोण, हे या न्यायाधीशाला दिल्लीत कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बोस यांच्या निकालपत्रांची इंग्रजी भाषा सरळ असे. वकिली गुंतवळ त्यांना आवडत नसे. कलम २९९च्या मुद्द्यावर त्यांनी जे म्हटले, ते व्यवहार पाहिलेल्या माणसाचे म्हणणे आहे. शेकडो सरकारी अधिकारी रोज लहानसहान सौदे करतात, कधी तोंडी, कधी पत्रावर, कधी निकडीच्या प्रसंगी. प्रत्येक किरकोळ सौद्याला राष्ट्रपतींच्या नावाचा भारदस्त दस्तऐवज लागतो असे धरले, तर सरकारचा गाडा चालणार नाही आणि सरकारशी व्यवहार करणारा साधा माणूस अकारण नाडला जाईल. विहित रीत पाळली नाही म्हणून सरकार अशा कंत्राटाला बांधील राहणार नाही, हे खरे. पण म्हणून सौदाच झाला नाही असे होत नाही. सरकार त्याला मागाहून मान्यता देऊ शकते. मग माल देणाऱ्याचा त्यात हितसंबंध नाही, असे कसे म्हणायचे?

दुसरा मुद्दा त्यांनी आणखी थोडक्यात निकालात काढला. कंत्राट दोघांचे असते. एकाने माल दिला तरी दुसऱ्याने पैसे देईपर्यंत ते पुरे होत नाही. सरकारकडून येणे बाकी आहे तोवर हितसंबंध आहेच. किंबहुना खासदाराच्या बाबतीत खरा धोका याच टप्प्यावर असतो. जसानी अपात्र ठरले.

पुढच्या काळात सरकारी कंत्राटांचा कायदा बराच बदलला. कलम २९९च्या रीतीबाबत सर्वोच्च न्यायालय नंतर अधिक कडक झाले आणि अपात्रतेच्या तरतुदीही संसदेने नव्याने लिहिल्या. खटल्याचा दुसरा अर्धा भाग मात्र अजून जिवंत आहे. तो भाग गंगाराम ठवरे यांचा.

ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला, कारण ठवरे महानुभाव पंथात गेले होते. महानुभाव झालेला माणूस महार राहत नाही आणि महार नाही म्हणजे राखीव जागेवर उभा राहायचा हक्क नाही, असा तो हिशेब होता.

हा हिशेब वरवर पाहता चुकीचा वाटत नाही. तेराव्या शतकात चक्रधरांनी सांगितलेल्या या पंथाने अनेक देवांची उपासना नाकारली आणि जातिभेदही नाकारला. पंथाचे विदर्भाशी नाते मुळापासूनचे आहे. लीळाचरित्रात भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार चक्रधरांचे शिष्य म्हणून येतात. म्हणजे ज्या गावाने पंथाला सुरुवातीचा शिष्य दिला, त्याच गावच्या निवडणुकीत सातशे वर्षांनी प्रश्न आला : पंथात गेल्यावर जात उरते का?

न्यायालयाने पंथाचे तत्त्वज्ञान बाजूला ठेवले आणि ठवरे यांचे आयुष्य पाहिले. त्यांची दोन लग्ने झाली, दोन्ही महार समाजातल्या मुलींशी, आणि त्या मुली पंथात आलेल्या नव्हत्या. समाजाने त्यांना वाळीत टाकले नव्हते. ते स्वतः महार म्हणूनच वावरत होते आणि लोक त्यांना महारच समजत होते. पंथालाही घरगृहस्थीत राहून जातीचे व्यवहार सांभाळणारे अनुयायी चालत होते. बोस यांनी यातून तीन कसोट्या काढल्या. पहिली : जुना समाज त्या माणसाकडे कसा पाहतो? दुसरी : त्या माणसाच्या मनात काय आहे, जुने नाते त्याला ठेवायचे आहे की तोडायचे आहे? तिसरी : नव्या पंथाचे नियम काय म्हणतात? जुना समाज त्याला बाहेर काढत नसेल आणि तोही बाहेर पडू इच्छित नसेल, तर पंथ बदलला तरी व्यवहारात जात बदलली नाही, असे समजायचे. उलट त्याने स्वतःच जुने पाश तोडले असतील, तर जुन्या समाजाचे हक्क मागता येणार नाहीत.

या कसोटीवर ठवरे महार ठरले. म्हणजे त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला होता. आणि त्या वेळच्या कायद्यात याचा परिणाम एकच होता : एका उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळला गेला तर सगळी निवडणूक रद्द. तुलाराम साखरे यांची काही चूक नव्हती, पण त्यांचीही जागा गेली. जसानींचे अपील फेटाळले गेले आणि भंडाऱ्याच्या दोन्ही जागांवर नव्याने मतदान घ्यायचे ठरले.

आता बाबासाहेबांकडे वळू. ते त्या वेळी राज्यसभेत होते. सप्टेंबर १९५१मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर १९५२ची निवडणूक त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईतून लढवली आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून साडेचौदा हजारांवर मतांनी ते हरले. तोही द्विसदस्य मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर त्यांचे साथीदार होते समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. तेही पडले. मुंबईत तेव्हा ‘मते कुजवा’ असा प्रचार झाला होता. आपल्या माणसाला एक मत द्या आणि दुसरे वाया घालवा, म्हणजे दुसऱ्या पक्षाला त्याचा फायदा होणार नाही. हजारो कागद बाद झाले. आंबेडकर आणि मेहता या दोघांनी मिळून त्याविरुद्ध तक्रार केली. बाद झालेल्या मतांचा आकडा त्यांनी ७४,३३३ असा दिला होता.

दोन वर्षांनी हीच जोडी भंडाऱ्यात पुन्हा एकत्र आली. राखीव जागेवर फेडरेशनचा हत्ती घेऊन बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. भंडारा निवडायला कारण होते. नागपूर-विदर्भ हा फेडरेशनचा बालेकिल्ला. फेडरेशनची स्थापनाच १९४२मध्ये नागपुरात झाली होती आणि भंडारा जिल्ह्यात महार समाजाची वस्ती मोठी. काँग्रेसने राखीव जागेवर भाऊराव बोरकरांना उभे केले. मुंबईचा बॅरिस्टर, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्यांचा धनी, घटना समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला काँग्रेसचा स्थानिक कार्यकर्ता.

एप्रिलचे ऊन, धुळीचे रस्ते आणि बाबासाहेबांची तब्येत पार खालावलेली. मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने चालणे कठीण झाले होते. तरी ते प्रचाराला हिंडले. गावोगावच्या सभांत त्यांनी नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर जोरदार टीका केली. धान आणि बिडीच्या मुलखात हा विषय कितपत रुजला असेल, हे सांगणे अवघड. पण मतांसाठी विषय बदलण्याची त्यांची रीत नव्हती.

याच प्रचारातली एक आठवण आंबेडकरी चळवळीत सांगितली जाते. काही कार्यकर्ते त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, “बाबासाहेब, आपल्या लोकांना सांगू या की हत्तीला एक मत द्या आणि दुसरे कुजवा.” सूचना वेडगळ नव्हती. त्यात कायद्याची एक मेख होती. द्विसदस्य मतदारसंघात आधी राखीव जागा भरत : अनुसूचित जातीच्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वांत जास्त मते तो तिथे निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत ज्याची मते जास्त, त्याला दुसरी जागा, मग तो कोणत्याही जातीचा असो. म्हणजे राखीव जागेवर बोरकर पुढे गेले तरी बाबासाहेबांना सर्वसाधारण जागा मिळू शकत होती. अट एकच : त्यांची मते उरलेल्या सगळ्यांपेक्षा, मुख्य म्हणजे अशोक मेहतांपेक्षा, जास्त हवीत. आणि फेडरेशनच्या मतदारांची दुसरी मतेच तर मेहतांच्या पेटीत जाणार होती. ती कुजवली की मेहता मागे पडतील आणि बाबासाहेब पुढे येतील.

ही मेख किती खरी होती, ते पुढे आंध्रात दिसले. १९५७मध्ये व्ही. व्ही. गिरी सर्वसाधारण जागेसाठी उभे होते आणि दोन्ही जागा राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांनी जिंकल्या. सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले आणि १९६१मध्ये द्विसदस्य मतदारसंघच बंद झाले.

बाबासाहेबांनी ती सूचना धुडकावली. ज्याने घटना लिहिली त्यानेच मतदाराला मत वाया घालवायला सांगायचे, हे त्यांना मान्य नव्हते, अशी ही आठवण आहे. दुसरे मत मेहतांनाच द्या, असे त्यांनी सांगितले. आठवणींना पंख फुटतात हे धरूनही मला ती पटते, कारण मुंबईत याच कुजवाकुजवीविरुद्ध त्यांनी दाद मागितली होती. जे मुंबईत गैर ठरवले ते भंडाऱ्यात करायचे, तर वकील म्हणून त्यांच्या शब्दाला काय किंमत उरली असती?

मेच्या सुरुवातीला, जंगलात तेंदूपत्त्याची तोडाई चालू असताना, मतदान झाले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांना आठ हजारांच्या आसपास मतांनी हरवले. युतीचा एक पाय जिंकला, दुसरा हरला. फेडरेशनच्या मतदाराने आपला दुसरा कागद झोपडीच्या, म्हणजे मेहतांच्या, पेटीत इमानाने टाकला. झोपडीच्या मतदाराचा दुसरा कागद हत्तीच्या पेटीत त्याच इमानाने पडला नाही, असाच या निकालाचा अर्थ फेडरेशनच्या लोकांनी लावला. दुसरा अर्थ लावणे कठीण आहे.

मेहता भंडाऱ्याचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. १९५७मध्ये ते बिहारमधल्या मुझफ्फरपूरमधून निवडून आले आणि नंतर नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि पुढे काँग्रेसमध्येही गेले. बोरकरांना पद फार दिवस लाभले नाही. त्यांच्या निधनानंतर १९५५मध्ये त्यांच्या पत्नी अनुसयाबाई त्या जागेवर निवडून आल्या. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत भंडाऱ्याला तीनदा मतदान करावे लागले. १९५७ला इथून निवडून आलेल्यांत रामचंद्र मार्तंड हजरनवीस होते, तेही नागपूरचे वकील आणि पुढे केंद्रात कायदा खात्याचे उपमंत्री. जसानी खटल्यातल्या वकिलीच्या छायेतून हा मतदारसंघ लवकर बाहेर आला नाही, असेच म्हणायचे.

पराभवानंतर त्याच मे महिन्यात बाबासाहेब बुद्धजयंतीसाठी रंगूनला गेले. डिसेंबरमध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी पुन्हा गेले आणि परतल्यावर त्याच महिन्यात देहू रोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर : बौद्ध धर्माची दीक्षा. निवडणुकीच्या हरण्यातून त्यांचे मन धर्माकडे वळले, असे सोपे समीकरण काही जण मांडतात. ते टिकत नाही. हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा १९३५ची आहे आणि बौद्ध धर्माचा त्यांचा अभ्यास त्याहून जुना. भंडाऱ्याच्या पराभवाने फार तर त्यांचा उरलेला वेळ मोकळा झाला.

भंडाऱ्याच्या पहिल्या निकालाशी मात्र या दीक्षेचे नाते जवळचे आहे, जरी एकातून दुसरे निघाले नसले तरी. ठवरे यांच्या खटल्यात न्यायालयाने जे सत्य नोंदवले, ते बाबासाहेब वीस वर्षे सांगत होते. सातशे वर्षे जात नाकारणाऱ्या पंथात जाऊनही माणसाची जात त्याच्याबरोबर येते, कारण जुना समाज त्याला सोडत नाही आणि तोही लग्नासाठी, नात्यांसाठी त्याच वस्तीत परततो. ठवरे यांच्या दृष्टीने ही जमेची बाजू होती, तिच्यावर त्यांचा हक्क शाबीत झाला. बाबासाहेबांच्या दृष्टीने हीच खरी अडचण होती. कसोटी एकच, पण एकाला तिच्यावर आत राहायचे होते आणि दुसऱ्याला बाहेर पडायचे होते. म्हणून नागपूरच्या मैदानावर बावीस प्रतिज्ञा आल्या. पूजेपासून श्राद्धापर्यंतचे जुने व्यवहार तोडण्याचा तो उघड संकल्प होता. बोस यांच्या दुसऱ्या कसोटीला, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या इराद्याला, यापेक्षा स्वच्छ उत्तर देता आले नसते.

त्याची किंमतही कायद्याने वसूल केली. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. १९६२च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरात राखीव जागेवरून निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम बौद्ध झाले आहेत, अशी तक्रार झाली. १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि त्यांची निवड गेली. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर हेही विदर्भाचेच, अमरावतीच्या रघुनाथराव मुधोळकरांचे चिरंजीव. ठवरे आत राहिले म्हणून त्यांचा हक्क शाबूत राहिला. मेश्राम उघडपणे बाहेर पडले म्हणून त्यांचा गेला. बौद्धांना अनुसूचित जातींत घेणारी दुरुस्ती संसदेने केली ती १९९०मध्ये, म्हणजे भंडाऱ्याच्या निकालानंतर छत्तीस वर्षांनी. तीन कसोट्यांचा आधार न्यायालये मात्र त्यानंतरही घेत राहिली. धर्मांतर आणि जात यांचा वाद उभा राहिला की जसानी खटला निघतोच.

या सगळ्यात भंडाऱ्याच्या वाट्याला नाव आले ते फक्त बाबासाहेबांना पाडल्याचे. ते पुसता येणार नाही आणि पुसूही नये. पण हिशेब पुरा मांडायचा तर दोन्ही निकाल शेजारी ठेवावे लागतात. देशाची घटना लागू होऊन दोन वर्षे झाली असताना या जिल्ह्यातून एक अर्ज गेला आणि सत्ताधारी पक्षाच्या, पैसेवाल्या पेढीच्या भागीदाराला खुर्ची सोडावी लागली. ज्याचा अर्ज एका अधिकाऱ्याने जातीवरून फेटाळला होता, त्या गंगाराम ठवऱ्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बरोबर ठरवले. आणि त्या घटनेच्या शिल्पकाराने मतदाराचा कौल मुकाट्याने घेतला, दुसरे मत कुजवून जिंकायची वाट समोर असताना. यांतली पहिली दोन कामे कायद्याने केली. तिसरे काम कायद्याला करता आले नसते, ते बाबासाहेबांना स्वतःच करावे लागले.